बिऱ्हाड बांधताना

मैत्रिणींनो,

दसरा झाला की वर्तमानपत्रांत सहलींच्या जाहिराती सुरू होतात. मनाली, काश्मीर, सिक्कीम. मुलांना दिवाळीची सुट्टी आहे, सहकुटुंब बर्फ बघून या, असं आमंत्रण असतं. त्याच सुमारास स्त्रियांसाठीच्या पुरवण्यांत 'थंड प्रदेशात जाताना सामान कसं बांधाल?' असे लेखही येतात. एक जाड स्वेटर घालण्यापेक्षा पातळ कपड्यांचे दोन-तीन थर घाला, कान आणि पाय झाका, अंगावर ओला कपडा राहू देऊ नका, मुलांचे पायमोजे जास्तीचे घ्या, औषधांची पिशवी हाताशी ठेवा. सल्ला चांगला असतो. तो बाईला उद्देशून असतो, कारण सहल सगळ्या घराची असली तरी सामान बांधायचं ते तिनंच, आणि परत आल्यावर धुणंही तिनंच काढायचं, हे सगळ्यांनी धरूनच ठेवलेलं असतं. तरीही वर्षातले आठ दिवस बाई चुलीपासून सुटत असेल, तर तिनं जरूर जावं असंच आम्ही म्हणू.

पण याच पंधरवड्यात आमच्या तलवाड्यातही घरोघर बांधाबांध चाललेली असते. तीही सहकुटुंब असते, तीही थंडीच्या दिवसांतली आणि उघड्या रानात जाण्यासाठीची. मुक्काम आठ दिवसांचा नसतो, पाच-सहा महिन्यांचा असतो. या बांधाबांधीबद्दल कुठल्या पुरवणीत लेख येत नाही. म्हणून या वेळचं संपादकीय तिच्यासाठी.

तलवाडा हे बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्यातलं गाव. टेकडीवर त्वरितादेवीचं देऊळ आहे, नवरात्रात तिथं यात्रा भरते. यात्रा आटोपली की गावाला जायचे वेध लागतात. आजूबाजूच्या वाड्या-वस्त्या आणि तांड्यांवर मुकादमाच्या फेऱ्या सुरू होतात. उचल बहुतेकांनी उन्हाळ्यात किंवा पावसाळ्यातच घेतलेली असते, कुणी लग्नासाठी, कुणी दवाखान्यासाठी, कुणी मागची बाकी फेडण्यासाठी. मग एके दिवशी ट्रक किंवा दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर येऊन उभा राहतो आणि दहा-बारा कोयत्यांची टोळी सांगली, सातारा, कोल्हापूर, पुणे, अहिल्यानगर, सोलापूर, नाहीतर पार कर्नाटकात बेळगाव-बागलकोटकडे निघते. गेवराई तालुक्यात गढीला साखर कारखाना आहे, जायकवाडीच्या उजव्या कालव्याचं पाणी तालुक्यातून जातं, ऊसही पिकतो. तरी ज्यांच्या वाट्याला कोरडवाहू तुकडा आहे किंवा तोही नाही, त्यांना दुसऱ्याचा ऊस तोडायला परमुलखात जावं लागतं.

मी समाजकार्याची पदवी घेऊन या भागात कामाला लागले, तेव्हापासून दरवर्षी ही बांधाबांध बघते आहे. बैठकीसाठी घरी जावं तर बाई हातातलं काम न सोडता बोलते. त्यामुळे बिऱ्हाडात काय जातं आणि काय मागं राहतं, याची यादी मला आता पाठ झाली आहे.

गाडीत सगळ्यात खाली जातात बांबू, चटया आणि मेणकापड. याच सामानातून तिकडे कोपी उभी राहायची असते. त्यावर ज्वारी-बाजरीची पोती. मग तिखट, मीठ, तेल, डाळ, कांदे. तवा, परात, दोन पातेली, हंडा, कळशी आणि पाणी साठवायला प्लास्टिकचा ड्रम. कोयते आणि त्यांना धार लावायची कानस. लेकराच्या झोळीसाठी जुनं लुगडं आणि दोरी. एखादी शेळी, डालग्यात चार कोंबड्या. विजेरी, मोबाइल, देवाची तसबीर. कपडे एका गाठोड्यात मावतात. सगळ्यात वर वाकळा आणि एखाद-दुसरं ब्लँकेट, आणि त्या वाकळांवर बायका-पोरं बसतात. एका गाडीत इतकी घरं असतात की प्रत्येकीच्या वाट्याला आलेली जागा हातानं मोजून घ्यावी लागते. एक जण मला म्हणाली, "ताई, एक वाकळ जास्तीची घ्यावी तर पीठ कमी न्यावं लागतं. थंडी सोसता येती, भूक सोसत न्हाई." अशी निवड तिला प्रत्येक वस्तूपाशी करावी लागते.

आता तो सहलीचा सल्ला इथं लावून बघा. पातळ कपड्यांचे थर घाला म्हणतात. तोडणीवरच्या बाईला हे कुणी शिकवावं लागत नाही. ती साडीवर नवऱ्याचा जुना, लांब बाह्यांचा सदरा घालते, डोक्याला फडकं बांधते, कमरेला आणखी एक कापड गुंडाळते. यानं थंडीही अडते आणि उसाच्या पानांनी अंगही कापत नाही. पण पुढचा सल्ला, कपडा ओला राहू देऊ नका, हा तिच्या हाताबाहेरचा आहे. डिसेंबर-जानेवारीत अहिल्यानगर, पुणे, नाशिककडे पारा दहा अंशांच्या खाली जातो. पहाटे उसावर दव साचलेलं असतं. तोडणी पहाटे सुरू होते, कधी चार वाजता, कधी त्याच्याही आधी, कारण गाडी वेळेवर भरून कारखान्यावर जायला हवी. पहिले दोन तास ती दवानं चिंब झालेल्या उसात उभी असते. सुती कपडा ओला झाला की अंगातली ऊब ओढून घेतो. बदलायला दुसरा सदरा नसतो आणि असला तरी आडोसा नसतो. ऊन वर आलं की कपडे अंगावरच वाळतात. त्यातच घाम येतो, कारण आता मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत चढवायच्या असतात. एक मोळी तीस-चाळीस किलोची. नवरा-बायकोची जोडी दिवसाला साधारण दोन टन ऊस तोडते. रात्री गाडी आली तर रात्रीच भरावी लागते, झोप झाली की नाही हे कुणी विचारत नाही.

तान्ह्या लेकराचं काय? त्याला फडाच्या बांधावर पाचटाच्या बिछान्यावर, वाकळेत गुंडाळून ठेवतात. शेजारी सात-आठ वर्षांची बहीण राखणीला. थोड्या अंतरावर पाचट पेटवून शेकोटी केलेली असते. वाळलेलं पाचट भसकन पेटतं आणि लगेच विझतं. ऊब कमी, धूर जास्त. कोप्यांच्या वस्तीवर तर चूल, शेकोटी, मेणकापड आणि पाचट हे सगळं हाताच्या अंतरावर असतं. एक ठिणगी उडाली तर सहा महिन्यांचं बिऱ्हाड जळून जाऊ शकतं.

आणि हे रान नुसतं थंड नाही. पुणे आणि अहिल्यानगर जिल्ह्यांच्या ऊसपट्ट्यात बिबटे राहतात. जुन्नर, शिरूर, संगमनेर, अकोले इकडच्या बातम्या तुम्ही वाचल्याच असतील. अकोले खोऱ्यातल्या शेतांत बिबटे येऊन-जाऊन नाहीत, ते तिथंच राहतात आणि पिल्लं वाढवतात, हे विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून दिसलं. उसात मादी पिल्लं घालते आणि तोच ऊस तोडायला आपली माणसं जातात. पर्यटक हौसेनं अभयारण्यात जातात तेव्हा त्यांच्याबरोबर वाटाड्या असतो आणि रात्री राहायला दार लागणारी खोली असते. कोपीला दार नसतं. बाई पहाटे अंधारात उसाच्या कडेला शौचाला बसते. खाली वाकलेलं माणूस बिबट्याला माणूस वाटत नाही, लहानखुरं जनावर वाटतं. त्या घडीला तिच्या हातात पाण्याचा डबा असतो, आणि विजेरी बहुधा नवऱ्याकडे असते.

शौचाचा विषय निघालाच आहे तर पाळीचंही बोलू. बिऱ्हाडात बायका जुन्या साड्यांच्या चिंध्या बांधून घेतात. हे गाठोडं पुरुषांच्या नजरेआड, पिठाच्या पोत्यामागं ठेवलेलं असतं. कापड वापरण्यात काही वाईट नाही, ते स्वच्छ धुऊन कडक उन्हात वाळवता आलं तर. पण कोपीवर पाणी एका ड्रमात मोजून आणलेलं, आणि वाळत घालायला आडोसा नाही. म्हणून कापड ओलसर अंधारात वाळतं, तेच परत वापरलं जातं. दिवसभर पाणी कमी प्यायचं म्हणजे लघवीला जावं लागत नाही, ही युक्ती सगळ्याच जणी करतात. अंगावरून पांढरं जाणं, खाज, ओटीपोटात कळ, जळजळ हे सगळं घेऊन बाई मोळी उचलते. एक दिवस काम बुडालं तर खाडा पडतो, त्या दिवसाची मजुरी तर जातेच, वर दंडही उचलीच्या खात्यावर चढतो. गावी परतल्यावर ती डॉक्टरकडे जाते. तिथं तिला सांगितलं जातं, की पिशवी काढून टाक, म्हणजे कटकट संपली.

याचा हिशेब शासनाच्याच कागदावर आहे. २०१९ साली हा प्रश्न विधान परिषदेत गाजला आणि डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्या वेळच्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची माहिती घेण्यात आली. त्यांतल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. म्हणजे दर सहा जणींमागे एक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमध्ये हे प्रमाण देशभरात तीन टक्क्यांच्या आसपास होतं. वयोगट तंतोतंत सारखे नसतील, पण एवढी मोठी तफावत वयानं भरून निघत नाही. पुष्कळ जणी तर तिशी-पस्तिशीतल्या होत्या. शस्त्रक्रियेनंतर कंबरदुखी, हाडं ठिसूळ होणं, अंगात गरम वाफा येणं हे मागं लागतं आणि त्या शरीरानं पुन्हा कोयता धरावा लागतो, कारण शस्त्रक्रियेसाठीही उचलच घेतलेली असते. खाजगी डॉक्टरांच्या नफेखोरीवर त्या वेळी खूप लिहिलं गेलं आणि ते योग्यच होतं. पण ही वाट फडावरच सुरू होते. जिथं न्हाणीला आडोसा, धुवायला पाणी आणि बसायला संडास नाही, तिथं पाच-सहा महिने काढायला लावल्यावर गर्भाशय बाईला ओझं वाटू लागतं, यात तिचा काय दोष?

आता मुद्द्यावर येऊ. एवढं सगळं सामान बाईला गावाहून का न्यावं लागतं? तिला काम करायला बोलावणारं कुणीतरी आहे. मग घर, पाणी, दिवा, संडास यांतलं काहीच बोलावणाऱ्याकडे का नसतं?

सहलीची जाहिरात पुन्हा वाचून बघा. राहण्याची सोय, गरम पाणी, दोन वेळचं जेवण, गरज पडल्यास डॉक्टर, हे सगळं जाहिरात देणाऱ्यानं आपल्या अंगावर घेतलेलं असतं. न्यायचे ते फक्त अंगावरचे कपडे. माणसं बोलवायची तर त्यांच्या राहण्याची व्यवस्था आपण करायची, हे साध्या यजमानालाही कळतं. प्रवरानगरला १९५० साली सहकारी साखर कारखाना उभा राहिला, त्याला आता पाऊणशे वर्षं झाली. या काळात साखरेबरोबर मद्यार्क आला, वीजनिर्मिती आली, इथेनॉल आलं. कारखान्याच्या आवारात पक्की अतिथिगृहं झाली. ऊस तोडणाऱ्याची कोपी मात्र अजून तोडणारा स्वतःच घेऊन जातो.

यामागची सोय साधी आहे. कारखाना वाहतूकदाराशी करार करतो, वाहतूकदार मुकादमाशी, मुकादम कोयत्याशी. ही माणसं आमचे कामगार नाहीत, असं कारखान्याला म्हणता येतं. आणि कोयता म्हणजे काय? नवरा आणि बायको मिळून एक कोयता. उचल नवऱ्याच्या हातात, अंगठा किंवा सही नवऱ्याची, हिशेबाच्या वहीत नाव नवऱ्याचं. एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात. म्हणजे बाईशिवाय कोयता पुरा होत नाही हे मुकादमाला नीट ठाऊक आहे, पण तिचं नाव लिहायची वेळ आली की ती दिसेनाशी होते. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. चांगलं झालं. पण त्या वाढीतला एक रुपयाही तिच्या नावानं कुठं जमा होत नाही. तोडणी, मोळ्या, भरणी हे काम निदान अर्ध्या कोयत्याच्या रूपानं तरी मोजलं जातं. त्याआधी पहाटे तीनला उठून भाकरी थापणं, पाणी आणणं, आणि त्याच्याही आधी गावी आठ दिवस बिऱ्हाड बांधणं, हे कुठल्याच वहीत नाही.

बांधाबांधीत आणखी एक निवड तिला करावी लागते, आणि ती सगळ्यात अवघड असते. कोणाला न्यायचं आणि कोणाला ठेवायचं? सासू-सासरे धडधाकट असतील तर शाळेतली मुलं त्यांच्याजवळ राहतात. नसतील तर मुलं फडावर आणि शाळा मागं. एके काळी कारखान्यांवर साखरशाळा चालत. औरंगाबादच्या जनार्थ संस्थेनं त्यासाठी पुष्कळ खटपट केली होती. शिक्षण हक्क कायदा २०१० पासून लागू झाल्यावर, मुलांना गावातच हंगामी वसतिगृहात ठेवून तिथल्याच शाळेत शिकवावं, असं धोरण आलं. २०२१ साली संत भगवानबाबा यांच्या नावानं ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची योजना मंजूर झाली, निम्मी मुलींसाठी. कल्पना चांगली आहे. पण शंभर मुलींचं वसतिगृह एका तालुक्याला कसं पुरावं? आणि ते तालुक्याच्या गावी असेल तर वाडीवरची आई दहा वर्षांच्या लेकीला कुणाच्या भरवशावर तिथं पाठवणार? वयात आलेली मुलगी तर तिला फडावरही नेववत नाही आणि घरीही ठेववत नाही. मुकादम, ट्रकवाले, परका मुलूख, आणि गावी एकटं घर. मग दिवाळीआधी घाईनं तिचं लग्न उरकतात. नवं जोडपं म्हणजे एक नवा कोयता, त्यांना उचलही मिळते. बालविवाहविरोधी शिबिरं आपण जरूर घ्यावीत. पण आईनं बिऱ्हाड बांधताना 'लेक कुठं ठेवू?' असं विचारलं, तर आपल्याकडे उत्तर असायला हवं. ते नसेल तर शिबिरातल्या भाषणाचा उपयोग नाही.

शासनानं काहीच केलं नाही असं म्हणता येणार नाही. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं कल्याणकारी महामंडळ आहे. त्यासाठी कारखान्यांनी गाळपाच्या प्रतिटनामागे १० रुपये द्यावेत आणि तेवढेच शासनानं घालावेत, असं ठरलं आहे. ग्रामसेवकांनी कामगारांची नोंद करून ओळखपत्र द्यायचं आहे. हंगामाला जाण्याआधी आणि आल्यावर स्त्रियांची आरोग्य तपासणी व्हावी असं गोऱ्हे समितीनं सुचवलं. बीड जिल्ह्यात जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीशिवाय खाजगी दवाखान्यांनी गर्भाशय काढू नये, असा नियम २०१९ साली झाला. स्थलांतर करणाऱ्या गरोदर, स्तनदा माता आणि बालकांचा माग ठेवण्याची प्रणाली महिला व बालविकास विभागानं २०२२ मध्ये सुरू केली. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ऊसतोड कामगारांच्या स्थितीची स्वतःहून दखल घेतली. कागद आहेत, पण गाडीत बसणाऱ्या बाईपर्यंत त्यातला कुठला कागद पोचला, हे तपासायला गाडी निघण्याच्या दिवशी गावात कुणी हजर नसतं.

म्हणून आमचं म्हणणं असं, की बिऱ्हाडाची यादी दोन भागांत करावी. पहिला भाग बाईनं आणि घरानं बरोबर घ्यायचा. दुसरा भाग ती पोचण्याआधी कारखान्यानं आणि शासनानं तिथं तयार ठेवायचा.

पहिल्या भागात, रोजच्या सामानाखेरीज, या गोष्टी असाव्यात. शिधापत्रिका आणि आधार, कारण धान्य आता दुसऱ्या जिल्ह्यात आणि दुसऱ्या राज्यातही घेता येतं, आणि वाट्याचं काही धान्य तिकडे घेतलं तरी गावी राहिलेल्या म्हाताऱ्यांचा हिस्सा शिल्लक राहतो. गरोदर बाईचं आणि लेकरांच्या लसीकरणाचं कार्ड, मेणकापडात गुंडाळून. आशाताईकडून लोहाच्या गोळ्या, जंतनाशक आणि क्षारसंजीवनीची पाकिटं. अंगावर घालायचा एक जास्तीचा सदरा, जो फडावर न्यायचा नाही, फक्त रात्री झोपताना कोरडा घालायचा. लेकरांना टोपडं आणि पायमोजे, जुन्या लोकरीचे असले तरी चालतील, कारण सुती कापडापेक्षा लोकर ओली झाली तरी ऊब धरते. पाळीची कापडं मोजून सहा-सात, आणि ती वाळत घालायला वरून टाकायचं एक पातळ फडकं, म्हणजे उन्हात वाळवताना लाज वाटणार नाही. बाईच्या स्वतःच्या हक्काची एक विजेरी. बिबट्याच्या मुलखात अंधारात एकटीनं जायचं नाही, दोघी-तिघींनी मिळून, मोठ्यानं बोलत जायचं. लेकरांना कोपीच्या उघड्या तोंडाशी झोपवायचं नाही, उसाच्या कडेला एकटं बसवायचं नाही. साप चावला तर मांत्रिकाकडे वेळ न घालवता सरकारी दवाखाना गाठायचा. आणि उचलीचा हिशेब लिहिलेली एक छोटी वही, जिच्यात रोजच्या खेपा बाईनं स्वतः किंवा शिकलेल्या लेकीनं मांडायच्या. ही वही पिठाच्या पोत्याइतकीच गरजेची आहे.

ही बांधाबांध नवऱ्यानंही करायची आहे, हे वेगळं सांगायला हवं का? हवं, असं दिसतं. बांबू आणि कोयते तो बांधतो. लेकराचं कार्ड कुठं आहे, हे त्यालाही ठाऊक असलं पाहिजे.

दुसरा भाग असा. वारा आणि दव अडेल असा निवारा, जमिनीपासून थोडा उंच. वस्तीवर पिण्याच्या आणि वापराच्या पाण्याची टाकी. बायकांसाठी दार लागणारे संडास आणि न्हाणी, फिरती असली तरी चालतील. वस्तीवर रात्रभर दिवा. पाळणाघर, आणि तिथं पगारी बाई, म्हणजे सात-आठ वर्षांच्या मुलीची त्यातून सुटका होईल. आठवड्याला आरोग्यसेविकेची फेरी आणि जवळच्या अंगणवाडीतून आहार. आजारपणाच्या आणि पाळीच्या दिवसांत खाड्याची वसुली बंद. कोयत्यातल्या दोघांची वेगवेगळी नोंद, वेगवेगळी ओळखपत्रं, आणि मजुरीतला तिचा वाटा तिच्या खात्यावर. कारखान्याला गाळपाचा परवाना मिळतो तेव्हा या गोष्टी आहेत की नाहीत हे तपासलं जावं. काटा, बॉयलर, थकबाकी यांची तपासणी होते, मग वस्तीची का होऊ नये? मुकादम आणि वाहतूकदार मधे आहेत ही सबब इथं चालू देता कामा नये. ऊस ज्याच्या गव्हाणीत पडतो, त्याची ही जबाबदारी आहे.

यातलं काहीही अवाजवी नाही. रस्त्याच्या बांधकामावर तात्पुरती घरं उभी राहतात, मोठ्या यात्रांत चार दिवसांसाठी शेकड्यांनी फिरते संडास आणि पाण्याचे टँकर येतात. साखर कारखाना दरवर्षी त्याच भागात, त्याच महिन्यांत माणसं बोलावतो. तयारीला त्याला पावसाळ्याचे चार महिने मिळतात.

आपण आपल्या पातळीवर काय करू शकतो? पुढच्या वर्षी दसऱ्याच्या आधी, आपापल्या गावात या एकाच विषयावर महिला ग्रामसभा घ्या. कोण कुठं चाललं आहे, कोणत्या मुकादमाबरोबर, कोणत्या कारखान्याला, घरात गरोदर कोण, तान्हं कोण, मागं राहणारं म्हातारं आणि शाळकरी लेकरू कोण, याची नोंदवही ग्रामपंचायतीत ठेवायला लावा. ती नोंदवही असेल तर आशाताईला गोळ्या मागता येतील, शिक्षकाला वसतिगृह मागता येईल आणि तिकडच्या अंगणवाडीला कळवता येईल. ज्या मैत्रिणी सांगली, सातारा, पुणे, अहिल्यानगरकडे राहतात, त्यांनी आपल्या गावच्या उसात कोणत्या टोळ्या उतरल्या आहेत ते जाऊन बघावं. हळदीकुंकवाला त्या बायकांना बोलवा, जुने स्वेटर द्या, चांगलंच आहे. पण वस्तीवर संडास आहे का, हे कारखान्याच्या सभेत उभं राहून विचारलंत तर त्याचा उपयोग अधिक काळ टिकेल. तुमच्यातल्या अनेकींच्या घरी त्या कारखान्याचा भाग आहे, सभासद म्हणून नाव नवऱ्याचं असेल, तर त्याला प्रश्न विचारायला लावा.

पुढचा अंक संक्रांतीच्या सुमारास निघेल. तेव्हा फडावर थंडी सगळ्यात कडक असेल. त्या अंकात आम्हाला वस्त्यांवरची पत्रं छापायची आहेत. बिऱ्हाडात काय नेलं, काय न्यायचं राहिलं, तिकडे पोचल्यावर काय मिळालं, काय नाही, हे ज्या टोळीतल्या बाईला सांगायचं असेल तिचं ऐकून लिहून पाठवा. लिहिता येत नसेल तर कुणाकडून लिहवून घ्या. नाव नको असेल तर छापणार नाही. कारखान्याचं आणि गावाचं नाव मात्र आम्हाला वेगळ्या कागदावर जरूर कळवा, कारण हे कागद घेऊन साखर आयुक्तांकडे आणि महामंडळाकडे जायचं आहे.

तुमची मैत्रीण,
संपादक मंडळाच्या वतीनं, तलवाड्याहून